घरोघरी विमान : आंरी मिन्ये

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखादे चरित्र असतेच. देवी अहिल्याबाई झाल्या, लोकमान्य झाले, विश्वेश्वरय्या तर दोनदा झाले. यंदा विचारणा झाली तेव्हा आम्ही एका फ्रेंच गृहस्थाचे नाव सुचवले आणि समोरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. नाव आंरी मिन्ये. आज आपल्याकडे हे नाव फारसे कुणी घेत नाही, पण 1935 साली फ्रान्स आणि इंग्लंडात वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ते ठाऊक होते. सुताराच्या हत्यारांनी, घरच्या पडवीत, पगारदार माणसाला परवडेल असे विमान बांधता येते, हे त्याने स्वतः बांधून दाखवले आणि मग बांधायचे कसे तेही सगळ्यांना सांगून टाकले. त्यातून पुढे जे चांगले झाले आणि जे वाईट झाले, ते दोन्ही सांगण्यासारखे आहे.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो अमेरिकेतल्या नातलगांमुळे. आपल्या प्रत्येक घरातला कुणी ना कुणी आता तिकडे आहे. आमच्या भाच्याच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ मोटारीच्या गॅरेजमध्ये विमान बांधतात. मोटार बाहेर रस्त्यावर आणि आत ॲल्युमिनियमचा सांगाडा. लाकडी खोक्यांतून सुटे भाग घरपोच येतात, त्यांना किट म्हणतात. पत्रे कापलेले, भोके पाडलेली, सोबत जाडजूड पुस्तिका. बाकी हजारो रिव्हेट मारायचे काम आपले. तिथला कायदा असा की विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेला असला पाहिजे. ओरेगन राज्यातल्या व्हॅन्स या एकाच कंपनीच्या किटमधून बांधलेली दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. आपल्याकडेही हे वेड अगदीच अनोळखी नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि 2016 साली मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. गच्चीवरून ते खाली कसे उतरवले असेल, याचाच विचार आम्ही बराच वेळ करत होतो.

हे वेड सामान्य माणसांत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पसरवले ते मिन्येने. त्याचा जन्म 19 ऑक्टोबर 1893 चा, फ्रान्सच्या पश्चिमेकडे सैंत नावाच्या जुन्या गावचा. विल्बर राइटने ल मां गावाजवळ युरोपला पहिल्यांदा आपले विमान उडवून दाखवले तो ऑगस्ट 1908. मिन्ये तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी ब्लेरियोने इंग्लिश खाडी ओलांडली. त्या दोन वर्षांत फ्रान्समधल्या मुलांच्या डोक्यात दुसरे काही उरलेच नसेल. बहुतेकांचे हे वेड मिसरूड फुटेपर्यंत टिकते. याचे टिकले ते कायमचे.

ऑटो लिलिएन्थाल हा जर्मन माणूस टेकडीवरून पंख बांधून उडायचा आणि त्यातच 1896 साली मरण पावला. त्याचा भाऊ गुस्ताव पुढेही या विषयात काम करत होता. कोवळ्या वयातल्या मिन्येने या गुस्तावशी पत्रव्यवहार सुरू केला आणि 1912 मध्ये आपले पहिले यंत्र बांधले. मग महायुद्ध आले. त्यात तो बिनतारी संदेशाच्या कामावर होता आणि पुढे रेडिओचा अभियंता म्हणूनच त्याची ओळख झाली. विमानविद्येची कुठली पदवी त्याच्यापाशी नव्हती, कुठल्या कारखान्याचा पाठिंबाही नव्हता.

1920 नंतरच्या आठ वर्षांत त्याने एकामागून एक यंत्रे बांधली. प्रत्येकाला आपल्या नावाची आद्याक्षरे आणि पुढे क्रमांक : एचएम 1, एचएम 2, असे. त्यांतली काही जमिनीवरून नीट उठलीच नाहीत. आठव्या क्रमांकाला मात्र यश आले. एचएम 8 हे साधे, एका पंखाचे, लाकूड आणि कापडाचे विमान होते. यावर दुसऱ्या कुणी काय केले असते? एखाद्या धनिकाला गाठून कारखाना काढला असता, निदान पेटंट घेऊन ठेवले असते. मिन्येने विमानविषयक नियतकालिकात लेख लिहिले, नकाशे छापले आणि हौशी माणसाला हे अवघड नाही, असे सांगून टाकले. लोकांनी ते वाचून खरोखरच विमाने बांधली आणि उडवली.

पण त्याचे स्वतःचे समाधान झाले नव्हते. त्याचे कारण मोठे प्रांजळ आहे. त्याला नेहमीचे विमान नीट चालवता येत नसे. नेहमीच्या विमानात वैमानिकाला तीन गोष्टी एका वेळी सांभाळाव्या लागतात. नाक वर-खाली करायचे ते हातातल्या दांड्याने. डावी-उजवी कड झुकवायची तीही दांड्याने, पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या झडपा हलवून. आणि शेपटीचे सुकाणू वळवायचे ते पायांनी. वळण घेताना हे सगळे एका लयीत झाले पाहिजे. लय चुकली आणि वेग कमी असला तर एक पंख हवेचा आधार सोडतो आणि विमान गिरक्या घेत खाली येते. त्या काळी नवशिके वैमानिक याच गिरक्यांत मरत. मिन्येने मनाशी ठरवले की हात आणि पाय यांचा हा मेळ आपल्याला जमत नाही, तर तो बहुतेक सामान्य माणसांनाही जमणार नाही. तेव्हा माणूस बदलण्यापेक्षा यंत्र बदलावे.

त्यातून निघाले ते त्याचे चौदावे यंत्र, एचएम 14. दिसायला ते अगदी विचित्र होते. एक पंख पुढे वर, दुसरा जरा मागे आणि खाली, दोघांत थोडीशी फट. शेपटीला आडवे पंख नाहीत, नुसते एक भलेमोठे सुकाणू. पंखांच्या कडेला झडपा नाहीत, पायांखाली पेडल नाहीत. हातात एकच दांडा. तो मागे ओढला की पुढचा अख्खा पंख बिजागरीवर कलतो, त्याची मागची कड खाली येते, तो जास्त हवा पकडतो आणि नाक वर जाते. दांडा बाजूला नेला की सुकाणू वळते. पंख टोकांकडे वर उचललेले असल्यामुळे सुकाणू वळताच विमान आपोआप त्या बाजूला झुकते आणि वळण पुरे होते. तीन गोष्टींच्या दोन झाल्या आणि पाय मोकळे राहिले. अडचण एवढीच की बाजूने जोराचा वारा असला तर उतरणे कठीण. पण त्या काळी धावपट्ट्या कमी आणि मोकळी कुरणे जास्त, वारा येईल त्या दिशेला तोंड करून उतरता येई.

पुढच्या पंखाची लांबी पाच-सहा मीटर, मागचा त्याहून आखूड, एकूण विमान साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या मारुती 800 पेक्षा जरासेच मोठे. रिकामे वजन सुमारे 100 किलो. इंजिन ओबिए-दन कंपनीचे, 500 सीसी, दोन सिलिंडरचे, 17 अश्वशक्तीचे. हल्लीच्या साडेतीनशे सीसीच्या बुलेटमध्ये याहून जास्त ताकद असते. लाकूड, प्लायवूड, सरस, खिळे, कापड, सायकलीच्या दुकानात मिळेल तसली तार. पंख सोडवून ठेवले की सगळे एका छपराखाली मावे.

नावही त्याने तसेच ठेवले. फ्रेंच नावाचा उच्चार पू द्यु सिएल असा आहे. तो मराठीत भलत्याच अर्थाने ऐकू येतो, म्हणून आम्ही अर्थच सांगतो : आकाशातली ऊ. इंग्रजांनी तिची पिसू केली आणि फ्लाइंग फ्ली म्हटले. आम्ही मूळचीच ऊ ठेवतो.

या उवेची परीक्षा घेण्यासाठी मिन्ये आणि त्याची पत्नी आनेत सोआसाँ गावाजवळच्या रानात तंबू ठोकून राहिले. बांधायचे, उडवायचा प्रयत्न करायचा, मोडायचे, पुन्हा जोडायचे. 10 सप्टेंबर 1933 रोजी ऊ व्यवस्थित उडाली. मिन्ये तेव्हा चाळिशीला टेकला होता. आमच्याच वयाचा म्हणायचा. या वयात आम्ही भविष्य निर्वाह निधीचे हिशेब करतो आणि गुडघ्यांची काळजी घेतो. आनेतबाईंच्या मनात त्या तंबूत काय काय आले असेल, ते आमच्या घरी सहज सांगता येईल.

पुढच्या वर्षी, 1934 मध्ये, त्याने ल स्पोर द लेर हे पुस्तक काढले. नावाचा अर्थ हवेतला खेळ. लाकूड कोणते घ्यावे, कसे तासावे, सरस कसा लावावा, पंखाच्या फासळ्या कशा ठोकाव्यात, इंजिन कसे बसवावे आणि शेवटी उडवायला स्वतःचे स्वतः कसे शिकावे, सगळे त्यात होते. आकृत्या त्याच्या हातच्या, बोलणे घरगुती, मध्येच चेष्टा. ज्याला सामानाची पेटी ठोकता येते आणि मोटार चालवता येते त्याला हेही जमेल, असा त्याचा दावा होता. माणसाला पटवण्याची हातोटी त्याच्यात विलक्षण असली पाहिजे, कारण लोक नुसते वाचून थांबले नाहीत, लाकूड आणायला निघाले.

येथे वाचकांच्या मनात आपल्या तळपद्यांचे नाव येईल. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि ती आम्हालाही आवडते. पण कागद पाहण्याची सवय लागलेल्या माणसाला एक गोष्ट खुपते. त्या यंत्राची मापे कुणापाशी नाहीत. मापे नाहीत म्हणजे कुणी पुन्हा बांधून पाहू शकत नाही आणि खरे-खोटे दोन्ही करता येत नाही. मिन्येने शेवटच्या खिळ्यापर्यंत सगळी मापे छापली. म्हणूनच त्याची ऊ हजार ठिकाणी बांधली गेली आणि म्हणूनच तिच्यातला दोषही जगापुढे आला.

हे लोक बांधत असत तरी कसे, हे इंदूरकरांना समजावून सांगायला नको. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झांक्या आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार मिलचे कामगार महिना-महिना रात्री जागून लाकूड, बांबू, मोटारी आणि दिवे जोडत आणि हनुमान डोंगर घेऊन उडत असे. गिरण्यांचे भोंगे बंद होऊन कितीतरी वर्षे झाली, झांक्या अजून निघतात. तसेच हातांचे वेड त्या वर्षी फ्रान्स आणि इंग्लंडच्या गल्ल्यांतून होते असे समजावे. फरक एवढाच की यांच्या हनुमानाच्या पाठीवर खराच माणूस बसणार होता.

इंग्लंडमध्ये हे वेड सर्वांत जोरात आले. स्टीफन ॲपलबी या तरुणाने मिन्येच्या पुस्तकावरून ऊ बांधली आणि जुलै 1935 मध्ये लंडनजवळ हेस्टनच्या विमानतळावरून उडवली. पुढच्याच महिन्यात, 13 ऑगस्टला, मिन्ये स्वतः आपल्या उवेत बसून इंग्लिश खाडी ओलांडून गेला आणि लिम्पनच्या विमानतळावर उतरला. ब्लेरियोच्या उड्डाणाला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. खाडी ओलांडण्यात आता नवल राहिले नव्हते, पण घरी ठोकलेल्या पेटीतून ओलांडण्यात होते. तिथल्या एअर लीगने पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर काढले आणि हजारो प्रती हातोहात संपल्या. एका यंत्रविषयक मासिकाने ते क्रमशः छापले. सरकारने अशा घरगुती विमानांसाठी खास परवाना सुरू केला. तयार लाकूड कापून देणाऱ्या, अर्धवट सांगाडे विकणाऱ्या कंपन्या निघाल्या, म्हणजे आजच्या किटचीच सुरुवात. सर जॉन कार्डन या गृहस्थांनी फोर्ड मोटारीचे इंजिन विमानाला जोडण्याजोगे करून दिले. शंभराहून अधिक उवांची तिथे अधिकृत नोंद झाली. छपरांखाली अर्धवट राहिलेल्या किती होत्या त्याची मोजदाद नाही.

आणि मग माणसे मरू लागली.

फ्रान्समध्ये मेली, 1936 च्या मे महिन्यात इंग्लंडात पेन्सहर्स्ट येथे एक वैमानिक मेला, नंतर आणखी. तो पेन्सहर्स्टचा माणूस नवशिका नव्हता, हवाई दलातला अधिकारी होता. प्रत्येक अपघाताची गोष्ट सारखीच. विमान थोडेसे नाक खाली करते, वैमानिक नाक वर आणण्यासाठी दांडा ओढतो, नाक वर येण्याऐवजी आणखी खाली जाते आणि थेट जमिनीत शिरते. ज्या गिरकीच्या भीतीने मिन्येने हे यंत्र काढले, ती गिरकी यात नव्हती. जे होते ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

इंग्लंडात फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-मदाँला मोठे वाऱ्याचे बोगदे होते. विमान एका जागी बांधून ठेवायचे आणि पंख्यांनी त्याच्यावर वारा सोडायचा, म्हणजे हवेत काय घडते ते जमिनीवर मोजता येते. दोन्हीकडे उवेची तपासणी झाली आणि दोष सापडला. तो समजण्यासाठी पालखी डोळ्यांपुढे आणावी. पुढे एक भोई, मागे एक भोई. पुढच्याने खांदा उचलला की पालखीचे तोंड वर, मागच्याने उचलला की तोंड खाली. उवेचे दोन पंख हे दोन भोई. वैमानिकाच्या हातात फक्त पुढचा भोई आहे. तोंड वर करायचे तर पुढच्याला उचल म्हणायचे, म्हणजे दांडा ओढायचा. पण मघाशी सांगितले तसे, दांडा ओढला की पुढच्या पंखाची मागची कड खाली येते आणि ती मागच्या पंखाच्या अगदी जवळ जाते. मधली फट अरुंद होते. अरुंद फटीतून हवा जोरात धावते आणि मागच्या पंखाच्या पाठीवरून वेगाने वाहते. त्याने मागच्या पंखाचीच उचल वाढते. म्हणजे हुकूम पुढच्या भोयाला दिला आणि खांदा मागच्याने उचलला. नाक साधारण 15 अंशांहून जास्त खाली गेले की मागच्याचा जोर पुढच्याला आवरत नाही. वैमानिक घाबरून आणखी ओढतो, मागचा आणखी उचलतो. जगात सगळ्या विमानांत जी हालचाल माणसाला वाचवते, तीच येथे त्याला खाली ढकलत होती.

मिन्येवर स्वतः हा प्रसंग का ओढवला नाही? त्याने ती फट, ते वजन, तो तोल स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या हाताने जुळवला होता. लोकांनी काय केले? कुणी 17 अश्वशक्तीच्या जागी जड इंजिन बसवले, कुणी बसायची जागा सरकवली, कुणी हाताला लागेल ते लाकूड वापरले. वजनाचा मध्य बोटभर सरकला तरी एवढ्या छोट्या यंत्रात तो पुष्कळ असतो. मिन्येच्या भक्तांनी तेव्हा सगळा दोष या हौशी मंडळींवर टाकला आणि टीकाकारांनी सगळा मिन्येवर.

आम्ही शासकीय सेवेत आहोत, डिप्लोमा सिव्हिलचा, काम नकाशे काढण्याचे. पुलाचा असो की शाळेच्या खोलीचा, प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा, अशा तीन सह्या तीन वेगवेगळ्या माणसांच्या. बाहेरच्या माणसाला हा कारकुनी सोपस्कार वाटतो आणि कंत्राटदारांना तर तो विलंबच वाटतो. मिन्येच्या नकाशावर या तिन्ही जागी एकच नाव होते. त्याला स्वतःपुरते उडायचे असते तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नव्हते. पण एका नकाशाची हजार घरे झाली की काढणाऱ्याच्या डोळ्यांना न दिसलेली गोष्ट हजार घरी जाते. छपाईला देण्याआधी हे यंत्र त्याने वाऱ्याच्या बोगद्यात न्यायला हवे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते बोगदे सरकारी होते आणि एकट्या हौशी माणसासाठी त्यांची दारे सहज उघडली असती असेही नाही, हे मान्य. तरीही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. इंग्लंडच्या सरकारने त्याच यंत्राला परवाने दिले, एअर लीगने त्याचे पुस्तक छापले, आणि बोगद्यातली तपासणी या सगळ्यांना सुचली ती माणसे मेल्यावर.

गंमत म्हणा की हट्ट म्हणा, अपघात सुरू झाल्यावरही, 3 ऑगस्ट 1936 रोजी, रॅम्सगेटला उवांची शर्यत झाली आणि ती एका फ्रेंच माणसाने जिंकली. पण ओहोटी लागली होती. इंग्लंडात परवाने बंद होत गेले आणि 1939 पर्यंत तिथल्या उवा जवळजवळ सगळ्या जमिनीवर आल्या. ज्या वर्तमानपत्रांनी मिन्येला डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्याच्यावर आता विदूषकाचा शिक्का मारला.

येथून पुढची तीस वर्षे आम्हाला त्याच्या यशाच्या दोन वर्षांपेक्षा मोठी वाटतात. मिन्येने कल्पना टाकून दिली नाही आणि चूक नाकारतही बसला नाही. पंखांची परस्परांतली मांडणी बदलली, तोल बदलला. दोष सापडला तसा उपायही सापडला होता. पुढची सुधारलेली ऊ नाक खाली करून पुन्हा वर येई. तो अमेरिकेत गेला, तिथे त्याच्या नावाने एक छोटी कंपनीही निघाली, फार चालली नाही. मग दुसरे महायुद्ध. 1944-45 च्या सुमारास त्याने फ्रान्सच्या भूमिगत सैनिकांसाठी पंख दुमडणारी, रस्त्यावरून ओढून नेता येणारी ऊ आखली. तिचे नाव पू माकी. युद्ध संपत आल्यामुळे तिचा उपयोग व्हायचा राहिला, पण दुमडत्या पंखांचा मुद्दा त्याने पुढे सोडला नाही. मोटारीमागे जोडून घरी आणता आले तरच ते सामान्य माणसाचे विमान, हे त्याच्या मनात पक्के होते.

नंतर अर्जेंटिना, जपान, मोरोक्को. जिथे कुणी बोलावले तिथे तो गेला, नवे यंत्र आखले, बांधले, पुढच्या गावी निघाला. क्रमांक दोनशे, तीनशेच्या पुढे गेले. सगळ्यांत तेच दोन पंख, तोच एक दांडा, दर वेळी काहीतरी थोडे बदललेले. पैसा त्याला कधीच फारसा मिळाला नाही. आपल्याकडे अशा माणसाला घरचे लोक नाद लागलेला म्हणतात आणि फार चुकतही नाहीत.

त्याने लावलेले वेड मात्र मूळ धरून राहिले. युद्धानंतर फ्रान्समध्ये त्याच्याच वाचकांतून घरी विमाने बांधणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि तिने नाव घेतले ते त्याच्या पुस्तकाचेच. इंग्लंडमध्ये 1946 साली तशीच संघटना निघाली. अमेरिकेत 1953 साली पॉल पोबरेझ्नी यांनी मिलवॉकीला आपल्या ओळखीच्या मूठभर हौशी लोकांना घेऊन मंडळ काढले, ते आज लाखो सभासदांचे झाले आहे. या मंडळांत बांधकाम चालू असतानाच जाणकार माणूस येऊन विमान पाहतो. पंखावर कापड चढवून आतले झाकण्याआधी, इंजिन बसवल्यावर, मग पहिल्या उड्डाणाआधी. उवेच्या कोपऱ्यातल्या चौकटीत जी दुसरी सही नव्हती, ती आता तिथे असते. आमच्या भाच्याच्या शेजारच्या गॅरेजमध्येही असा एक वयस्कर गृहस्थ आला, बॅटरी लावून तासभर पंखात डोके घालून बसला आणि सात रिव्हेट काढून पुन्हा मारायला सांगून गेला.

आंरी मिन्ये 31 ऑगस्ट 1965 रोजी बोर्दोजवळ पेसाक येथे वारला. वय 71. शेवटपर्यंत नवे आराखडे चालूच होते. त्याच्या उवा आज अनेक संग्रहालयांत पाहायला मिळतात. फ्रान्समध्ये अजूनही काही लोक घरी त्या बांधतात, सुधारलेल्या मापांनी, आणि उन्हाळ्यात एखाद्या कुरणावर सगळे मिळून जमतात. 1980 च्या दशकात सैंतपासून जवळच, म्हणजे त्याच्या जन्मगावच्याच परिसरात, त्याच्या नावाची कंपनी बालेरीट नावाचे हलके विमान बांधू लागली. शेजारी शेजारी दोन माणसे बसतात, एक पंख पुढे, एक मागे, आणि पायांखाली पेडल नाहीत.